विरजण लावलेलं तेल

सोलापूरच्या भूमिगत वाहिनी प्रकल्पाच्या कार्यशाळेत मंदाकिनी शिरगुप्पे हिने तोच जॅक पुन्हा उघडला आणि पुन्हा त्यात काहीच सापडलं नाही. जॅक म्हणजे छोट्या एक्स्कॅव्हेटरचा हात वरखाली करणारा हायड्रॉलिक सिलिंडर. दांड्यावर ओरखडा नव्हता, सील नव्यासारखी होती, पिस्टन सरळ होता. आणि तरी ऑपरेटर रामलिंग पाथरुट त्या मशीनवर बसला, की हात खाली येता येता मध्येच अडून बसायचा. सर्व्हिस इंजिनिअर म्हणून मंदाकिनीने आजवर गळके जॅक पाहिले होते, वाकलेले पाहिले होते, फुटलेले पाहिले होते. ठणठणीत जॅक अडतो हे तिला नवीन होतं, आणि तिचं डोकं पार उठलं होतं.

असा दोष शोधायची एक सरळ रीत असते. भागांची अदलाबदल करायची आणि दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं. तिने जॅक बदलला, दोष जागेवर. व्हॉल्व्ह बदलला, पाइप बदलले, दोष जागेवर. शेवटी वैतागून तिने माणसं बदलली. रामलिंगच्या मशीनवर शबनम मुलाणीला बसवलं. शबनम नवशिकी, दोन मुलांची आई, मशीन चालवायची ती भाकरी थापल्यासारखी, दणादण. तिच्या हाताखाली मशीन निमूट चाललं. रामलिंग शबनमच्या मशीनवर बसला आणि ते अडलं. तिसऱ्यावर बसला, तेही अडलं.

झालं. दोष माणसाबरोबर गेला. ही बातमी वरपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? संचालकांनी रामलिंगचा परवाना रोखला. सोमवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर परवाना रद्द, आणि नव्या कायद्याप्रमाणे एकदा रद्द झाला की राज्यातल्या कुठल्याच मशीनवर बसायला बंदी. रामलिंगला दुसरं काही येत नव्हतं. आणि जे येत होतं, ते इतर कुणाला येत नव्हतं. वाहत्या गॅसलाइनवरची माती तो बकेटच्या दाताने अशी उचलायचा की पाइपावरचा रंग निघत नसे. अशा माणसाला हे लोक नादुरुस्त सुटा भाग ठरवायला निघाले होते. मंदाकिनीला संताप आला, आणि तिने थेट डॉक्टर अच्युत तळवलकरांना बोलावून घेतलं.

मशीनमधलं सांधतेल तळवलकरांनीच शोधलं होतं. त्या तेलात डोळ्यांना न दिसणारे सांधकण असतात. सील झिजली, तेल झिरपू लागलं, की कण तिथे गोळा होतात आणि भेग बुजवतात, रक्त गोठून जखम बंद व्हावी तसं.

"पण जखम कुठली आणि वाट कुठली, हे कणांना कळतं कसं?" मंदाकिनीने विचारलं.

"शिकतात ते," तळवलकर म्हणाले. "पहिला महिनाभर नुसतं बघतात. जिथे तेल सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत सावकाश वाहतं, पुन्हा पुन्हा वाहतं, ती गळती. बाकी सगळं कामाचं. कुठल्याही मशीनमध्ये थोडीफार गळती असतेच, त्यामुळे चूक होत नाही."

मग त्यांनी विचारलं, की इथली नवी मशीनं महिनाभर न थांबता दुसऱ्या दिवशीच कामाला कशी लागतात? मंदाकिनी जराशी ओशाळली. ही सोलापूरची कल्पना होती, आणि सगळ्यांना तिचं भारी कौतुक होतं. जुन्या, शिकलेल्या मशीनचं वाटीभर तेल काढायचं आणि नव्यात ओतायचं. कार्यशाळेत सगळे त्याला विरजण म्हणायचे. आणि विरजण घ्यायचं ते चांगल्या घरचं, म्हणून प्रत्येक वेळी ते रामलिंगच्या मशीनमधून घेतलं होतं. कारण त्याचं मशीन कधी गळलंच नव्हतं.

तळवलकर म्हणाले, "गळलंच नाही, तर मग त्या तेलाने सगळ्यांत बारीक, सगळ्यांत सावकाश असं काय पाहिलं असेल?"

मंदाकिनीला उत्तर कळलं. रामलिंग हात खाली आणताना व्हॉल्व्ह केसभर उघडायचा. तेल थेंबाथेंबाने परतायचं. त्या मशीनला जखम नव्हती, म्हणून तेलाने रामलिंगचा हलका हातच जखम धरला आणि ती वाट बुजवायला घेतली. मग तो धडा वाटीवाटीने साऱ्या मशीनमध्ये पसरला. दणादण चालवणाऱ्यांना त्याची झळ लागायचं कारणच नव्हतं.

तिने संचालकांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि उपाय विचारला. कण धातूला धरून बसतात, म्हणजे प्रत्येक जॅक, प्रत्येक व्हॉल्व्ह खोलून धुवावा लागेल, काम सहा महिने बंद. संचालक म्हणाले, की त्यापेक्षा पाथरुटांनाच जरा जोरात चालवायला सांगा ना. एवढं सोपं होतं त्यांच्या लेखी.

रामलिंगने तेही करून पाहिलं. सोमवारी चाचणीला तो मशीन झटके देत चालवू लागला, आणि बघणाऱ्यांना कसंनुसं झालं. पहिला खड्डा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात मातीखाली केबल दिसली, त्याचा हात आपोआप हलका झाला, आणि मशीन अडलं. तो खाली उतरला. पन्नाशीचा माणूस, हातमोजे काढून उभा राहिला.

"हात ऐकत नाही ओ मॅडम," तो म्हणाला. "तीस वर्षं घातली की ह्याच्यात."

मंदाकिनीला त्याच्याकडे बघवेना. परवाना रद्द झाला. अहवालात 'दोषाचे मूळ' या शब्दांपुढे त्याचं नाव आलं, आणि खाली सही करण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. निदान इतर मशीनं तरी सुरळीत चालतील, अशी तिने स्वतःची समजूत काढली. आणि ती चाललीही, पावसाळाभर.

दिवाळीच्या आधी खोदाईच्या जागेवरून शबनमचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. मशीन अडायला लागलं होतं, कालपासून, फक्त तिच्याच हाताखाली. पाथरुटकाकांसारखं माझंही होणार का, ती विचारत होती.

मंदाकिनीच्या लगेच लक्षात आलं. शबनमचा हात बसला होता, हलका झाला होता. ही बाई आता खरी ऑपरेटर झाली होती, आणि कुठल्याही चांगल्या जगात तिला आज पेढे मिळाले असते. इथे मात्र जो शिकेल तो अडेल. शबनमनंतर दुसरं कुणी, मग तिसरं.

"ऐक," मंदाकिनी म्हणाली, "पहिल्यासारखी दणादण चालव. जमेल तेवढी वाईट चालव, आणि कुणाला काही बोलू नकोस."



"चालवते की," शबनम म्हणाली. "पण मॅडम, इथं बकेटखाली गॅसची लाइन आहे ओ."