टॉवेलावरचा दुसरा डाग

“डीएनए मिळाला नाही. एवढं लिहा आणि सही करून टाका.”

राघवेंद्र सरांनी फाईल टेबलावरून पुढे सरकवली. बेळगावातल्या त्या प्रयोगशाळेचे ते मुख्य. रचना सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होती आणि सहा वर्षांत तिनं त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आज तिनं फाईल परत त्यांच्याकडे ढकलली.

“मी सही करणार नाही, सर.”

“का?”

“कारण ते खरं नाही.”

प्रकरण संकेश्वरच्या अलीकडचं. उसाच्या मळ्यात, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, नागोजी नावाचा शेतकरी भरदुपारी मरून पडलेला सापडला. डोक्यात फावड्याचा घाव, आणि झटापटीत खिडकीची काच फुटलेली. खुंटीवरच्या टॉवेलाला रक्त लागलेलं होतं आणि टॉवेल नागोजीच्या गड्याचा, शामूचा. आदल्याच दिवशी सुट्टीवरून दोघांची बाचाबाची झालेली. त्यात शेजारच्या मळ्याचे मारुतीराव साक्षीला उभे राहिले. निपाणीत तंबाखूची दलाली करणारा, चारचौघांत मान असलेला माणूस. त्यांचा जबाब असा: ‘शामूला पळताना रस्त्यावरनं बघितलं. खोलीत मी पाय ठेवला न्हाय.’ झालं, शामू आत गेला. नागोजीनं आपल्या रानातून मारुतीरावांची पाइपलाइन जाऊ दिली नव्हती, हे गावाला ठाऊक होतं. पण बांधाला बांध म्हटल्यावर अशा कुरबुरी असायच्याच, म्हणून कुणी तिकडे बघितलं नाही.

टॉवेलावर डाग दोन होते. मोठा नागोजीचा. कडेचा लहान डाग कुणाचा, यावर शामूचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. सोमवारी त्याचा जामीन कोर्टापुढे येणार होता.

सरांनी झटपट पद्धत वापरली होती. डागाचा तुकडा राळेच्या बारीक मण्यांबरोबर पाण्यात उकळायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. तासाभरात काम. मोठ्या डागातून डीएनए छान निघाला. लहानातून काही नाही.

“रक्त कमी होतं, रचना.”

“मग नळीत आपण मुद्दाम घालतो तो ओळखीचा डीएनए? यंत्रानं त्याच्या तरी प्रती वाढवायला हव्या होत्या. त्याही वाढल्या नाहीत. रक्त कमी नाही, सर. डागात काहीतरी मिसळलंय आणि तेच यंत्राला अडवतंय.”

“नखाएवढा तुकडा उरलाय. तोही वाया गेला तर?”

“तर दोष माझा. लेखी देते. पण निर्दोष माणूस आपल्या आळसापायी सडायला नको.”

सर लाल झाले. ‘आळस’ हा शब्द जरा जास्तच झाला, हे रचनालाही कळलं. तिनं तो मागे घेतला नाही.

प्रयोगशाळेच्या फाटकाशी शामूची आई, यशोदाबाई, चार दिवस बसून होती. आत सोडत नाहीत हे कळूनही ती जात नव्हती. “माझं लेकरू माणूस मारायचं न्हाय,” एवढंच ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ऐकणारे मान हलवत आणि पुढे जात.

रचनानं तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रक्ताच्या पापुद्र्यात पिवळट तपकिरी कण रुतलेले होते. बराच वेळ ती बघत राहिली आणि नकळत तिचा हात स्वतःच्या गुडघ्यावरच्या जुन्या व्रणाकडे गेला. मग तिनं तपास करणाऱ्या रविराज फौजदारांना फोन लावला.

“साहेब, त्या खोलीत तंबाखू सापडला?”

“न्हाय ओ. मोटार, फावडं आणि खताचं रिकामं पोतं.”

“नागोजी खायचा?”

“माळकरी माणूस. सुपारीसुद्धा न्हाय.”

“शामू?”

“चुना लावून मळतो कधीमधी.”

“या कणांत चुना नाही. कोरडा, बारीक जर्दा आहे. विडीत भरतात तो. शेवटचा तुकडा वापरायला लेखी परवानगी पाठवा.”

परवानगी दुपारपर्यंत आली. आता पद्धत निवडायची होती. उकळण्याची पुन्हा केली तर तोच अडथळा पुन्हा. पातळ करून बघावं तर मुळात ऐवजच थोडका. फिनॉलची जुनी पद्धत स्वच्छ खरी, पण या नळीतून त्या नळीत ओतताना थेंबथेंब हरवतो. उरली सिलिकाची चाळणी. डीएनए तिला चिकटून बसतो आणि बाकीची घाण धुऊन काढता येते. रचनानं ती घेतली आणि भांड्याला राख लावून पुन्हा विसळावं तशी एकदा जास्तीची धुतली. भीती वाटत होती, खूपच वाटत होती.

संध्याकाळी पडद्यावर आलेख उठला. पुरुषाचा डीएनए. नागोजीचा नाही. शामूचाही नाही.

सरांनी तो दोनदा पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “लिहा. सही मीच करतो.”

दुसऱ्या दिवशी रविराजांनी आसपासच्या पाच मळेवाल्यांना विचारलं, स्वखुशीनं रक्त देता का? लहान डागातून काही निघालं नाही, ही जुनी बातमी तोवर गावभर झाली होती. नवी अजून कुणाला ठाऊक नव्हती. सगळ्यांत आधी बाही वर केली मारुतीरावांनी. “घ्या की! मी काय भ्यालोय व्हय?” ताजं, स्वच्छ रक्त. त्याला रचनानं सरांचीच झटपट पद्धत वापरली.

शनिवारी मारुतीरावांना ठाण्यात बोलावलं. रचना कोपऱ्यात बसली होती. यशोदाबाई बाहेर पायरीवर होती.

“खोलीत गेलता?” रविराजांनी विचारलं.

“न्हाय. जबाबात हाय की.”

“त्या दिवशी टॉवेलाला हात लावला?”

“गड्याच्या टॉवेलाला? मी?”

“हाताला काय झालंय?”

मारुतीरावांनी डावी मूठ मिटली. “जुनंच हाय. विळा लागलता.”

रविराजांनी रचनाकडे बघितलं. ती उठली.

“माझी मावशी निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. लहानपणी माझा गुडघा फुटला, तेव्हा तिनं पदराला लागलेला जर्दा जखमेत दाबला. रक्त थांबलं, मी मात्र गल्ली डोक्यावर घेतली. वखारीतल्या माणसांची ती सवयच. विचार करायच्या आत हात तंबाखूकडे जातो. तुमच्या खिशात व्यापाऱ्याला दाखवायची नमुन्याची पुडी कायम असते, मारुतीराव. पाइपलाइनवरून भांडण पेटलं, तुम्ही फावडं घातलंत. झटापटीत काचेनं तळवा फाटला. तुम्ही पुडी फोडून जर्दा दाबलात आणि खुंटीवरच्या टॉवेलालाच हात पुसलात. नागोजीचं रक्त एकीकडे लागलं, तुमचं कडेला. तंबाखूनं तुम्हाला जवळजवळ वाचवलंच होतं. पहिल्या चाचणीत त्यानंच आमचं यंत्र अडवलं. पण डागात तंबाखू आला कुठून, हे विचारायला त्यानंच भाग पाडलं.”

“काय बी बोलताय. पुरावा?”

“परवा बाही वर करून तुम्हीच दिलात. कडेचा डाग तुमचा आहे. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचं रक्त खोलीतल्या टॉवेलावर कसं येतं, तेवढं सांगा.”

मारुतीराव खुर्चीवरून अर्धवट उठले, पुन्हा बसले. चेहरा राखेसारखा झाला. “मारायचं न्हवतं मला,” ते पुटपुटले. मग एकदम उसळून रचनाला म्हणाले, “एका गड्यासाठी एवढी धडपड? कोण लागतो तो तुमचा?”

“कोणी नाही. तोंडसुद्धा बघितलं नाही मी त्याचं. तुम्ही मात्र रोज बघत होता, तरी त्याला फासाकडे ढकललंत.”

ती बाहेर आली. “यशोदाबाई, शामू सुटतोय. मारुतीरावांनी कबूल केलं.”

यशोदाबाई रडली नाही. तिनं पदर खोचला आणि कुणाला न विचारता ठाण्यात शिरली. दारातल्या शिपायानं हात आडवा धरला, तो तिनं बाजूला सारला. जन्मभर जिनं त्या माणसाला ‘अण्णा’ म्हणून वाकून हाक मारली होती, ती त्याच्यासमोर ताठ उभी राहिली.

“मारुत्या,” ती म्हणाली, “वर बघ.”

त्याला मान वर करता आली नाही.