ठरावातला ‘आपण’

शनिवारी दुपारी चार वाजता, बंदराच्या फाटकासमोरील कामगार सभागृहात, विणकर आणि गोदी कामगार या दोन संघटनांची पहिली संयुक्त सभा भरली, तेव्हा विणकरांच्या बाकावर एक क्रेनवाला येऊन बसला.

हे बाक गोदीवाल्यांचे नव्हे, असे शेजारच्या विणकर तरुणीने त्याला हळूच सुचवले.

“ठाऊक आहे. पण पंखा याच बाकावर आहे.”

“पंखा बंद आहे.”

“हो... ते बसल्यावर कळलं.”

ती हसली, आणि हसू लगेच मावळले. दाराशी बंदराचा साहेब हाताची घडी घालून उभा होता. कोण कोणाशी बोलतो, हे पाहत होता. परदेशी कापडावरचा कर सरकार उठवणार होते. तो उठला की तिचा माग थांबणार, आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या वडिलांसह तिला हे शहर सोडावे लागणार. उलट, कर उठला की बंदरात परदेशी माल वाढणार, म्हणून कराच्या बाजूने गोदीतला जो बोलेल त्याला सोमवारी फाटकातून आत घेणार नाहीत, अशी कुजबुज होती. कर कायम ठेवण्याचा ठराव गोदीतर्फे आपणच वाचणार असल्याचे क्रेनवाल्याने सांगितले, तेव्हा तिने दाराकडे पाहिले.

“मग नका वाचू,” ती बोलून गेली — आणि दचकली. ती स्वतःच्याच मागाविरुद्ध बोलली होती.

“भीती वाटते?”

“तुमची वाटते.”

“माझी... की माझ्यासाठी?”

उत्तर मिळण्याआधीच त्याच्या नावाचा पुकारा झाला. त्याने उभे राहून ठरावाचा कागद उघडला.

“माग बंद पडले, तर विणकर उद्या आमच्याच फाटकाशी निम्म्या मजुरीवर उभे राहतील. म्हणून तुम्ही आणि आम्ही—” तो थांबला. त्याने तिच्याकडे पाहिले. “नाही. आपण. हा कर राहिलाच पाहिजे, असं आपण म्हणतो आहोत.”

हे ‘आपण’ म्हणजे नक्की कोण, असे साहेबाने दारातूनच थंडपणे विचारले.

“ती... म्हणजे विणकर. आणि मी... म्हणजे गोदी.”

बाकांवर हशा पिकला. साहेब हसला नाही; क्रेनवाल्याकडे नीट पाहून तो निघून गेला. तिचे हात गार पडले होते. त्यांतलाच एक तिने ठरावाच्या बाजूने वर केला, आणि पाठोपाठ दोन्ही बाजूंचे हात वर गेले.

क्रेनवाला परत त्याच बाकावर येऊन बसला.

“सोमवारी फाटकाशी मी येईन,” ती म्हणाली. “तुमच्यासोबत.”

अध्यक्षांच्या खुर्चीतले तिचे वडील हाडाचे माग-मिस्त्री. सैल धागा त्यांना खपत नसे, सैल शब्दही नाही. त्यांनी चष्म्यावरून आधी बाकाकडे पाहिले, मग कागदाकडे.

“‘तुम्ही आणि आम्ही’ खोडा, ‘आपण’ लिहा,” ते म्हणाले. “ठराव दुरुस्तीसह मंजूर.”