चौकटीबाहेरची तिवरं

चित्र पास झालं, तर हर्षदा तांडेलच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: चित्रविभागाच्या प्रमुखाची खुर्ची, ‘नीलांबर’ गृहप्रकल्पाच्या पहिल्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावरचं घर, आणि मालक विक्रांत शेट्ये यांनी तिला ‘ए तांडेल’ऐवजी ‘मॅडम’ म्हणणं. तिसरी गोष्ट शेट्यांना सगळ्यांत जड जाणार होती.

त्या सकाळी दोघं चित्रपरीक्षण प्रयोगशाळेत बसले होते. परीक्षक डॉ. शैलजा बेंद्रे यांनी टेबलावर स्टीलचा तांब्या ठेवला.

“यात काय दिसतं?”

“मी,” शेट्ये म्हणाले.

“स्वाभाविक आहे. तांडेल, तुम्हाला?”

“खिडकी, दोन दिवे, दार, माझ्या मागचं कपाट. अख्खी खोलीच आहे, फक्त वाकलेली.”

“आमचा प्रतिबिंब-उलगडक ती सरळ करतो,” बेंद्रे म्हणाल्या. “बनावट फोटो इतके झाले की न्यायालयांनी फोटो बघणंच सोडलं होतं. म्हणून हा कायदा आला. फोटोतली प्रत्येक काच, प्रत्येक नळ, गाडीचा प्रत्येक बंपर आपापल्या जागेवरून भोवताल बघत असतो. उलगडक त्या सगळ्यांच्या साक्षी घेतो. एकमेकींशी विसंगत निघाल्या, तर चित्र नापास. सगळ्यांनी एकच जागा सांगितली, तर पास. आणि मग ती उलगडलेली जागा, चौकटीबाहेरचीसुद्धा, त्या तारखेची सरकारी नोंद होते.”

शेट्ये मोबाइलमध्ये होते. “एकूण काय, पास की नापास एवढंच ना?”

“तुमच्यापुरतं एवढंच,” बेंद्रे हसून म्हणाल्या.

शेट्यांची अडचण साधी होती. टॉवरसमोरचं खाडीतलं तिवरांचं बन राखू, असं लेखी देऊन त्यांनी बांधकामाची परवानगी मिळवली होती. बन मागच्या वर्षीच तोडून झालं होतं. तिथं दुसरा टॉवर उभा करायचा होता. पण पहिल्या टॉवरचा ताबा द्यायचा, तर बन शाबूत असल्याचा पास झालेला फोटो हवा. त्याच बनात हर्षदाच्या आईनं तीस वर्षं चिंबोऱ्या धरल्या होत्या. आता ती घरी बसून दुसऱ्यांची जाळी विणत होती.

कचेरीत परतल्यावर शेट्ये म्हणाले, “तांडेल, बन फोटोत दाखवायचं नाही, ते पकडलं जाईल. फक्त टॉवर दाखव. समोरचं हिरवं काचांत पडलेलं दिसलं की झालं.”

“काचेत दिसायला बाहेर असावं लागतं, साहेब. मला आधी अख्खं बन रंगवावं लागेल, एकेक झाड जागच्या जागी. मगच प्रत्येक काच त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगेल.”

“रंगव की. कंजुषी करू नकोस, चांगलं घनदाट कर.”

“एवढं नीट रंगवलं, तर ती झाडं खरी धरली जातील.”

“अगं, तेच तर हवंय!”

हर्षदानं हे दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर आलं. मग ती घरी जाऊन आईसमोर कागद घेऊन बसली.

“आये, होडी कुठं बांधायचीस?”

“वाकड्या तिवराला. पूर्वेला कललेलं होतं बघ. कशाला गं, मेलेल्यांची गणती?”

“तू सांग तर.”

संगणकावर ते सगळं रंगवायला चार महिने लागले. सहाशे अठरा झाडं, चौदाशे काचा, फाटकावरचे दोन पितळी गोळे. पितळेत हिरवा पिवळसर होतो. जाड काचेत प्रतिबिंब दुहेरी पडतं, दुसरं थोडं सरकलेलं आणि फिकं. हर्षदानं एक गोळाही सोडला नाही. उलगडकानं नऊ मिनिटांत चित्र पास केलं. शेट्यांनी पेढे वाटले.

महिन्याभरात दुसऱ्या टॉवरचा अर्ज परत आला. सदर जागेवर सहाशे अठरा तिवरं असल्याची नोंद आहे, बांधकाम करता येणार नाही.

शेट्ये चित्रविभागात तरातरा आले. “तिथं चिखल आहे, चिखल! एक झाड नाही!”

“मग तसं कळवा.”

“कळवू? म्हणजे फोटो काढल्यानंतर मीच तोडली म्हणतील!”

“किंवा फोटो खोटा होता असं सांगू. ताबापत्र जाईल, तुरुंग होईल. चला, गाडी काढा. रंगवलं मी आहे, मीही येते.” तिनं चपला घातल्या आणि पर्स खांद्याला लावली.

शेट्ये बसले.

“तू मला बुडवलंस.”

“मी विचारलं होतं, साहेब. दोनदा. तुम्ही म्हणालात, तेच तर हवंय.”

तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. शेट्यांनी झाडं फोटोनंतर आपण तोडल्याचं कबूल केलं, तुरुंगापेक्षा तेवढं परवडत होतं. आदेश आला: नोंदीबरहुकूम पुन्हा लावा, पंधरा वर्षं जगवा.

पावसाळ्यानंतर हर्षदाचा फोन वाजला. पलीकडे चिखलात बूट चपकचपक वाजत होते.

“तांडेल... मॅडम, निरीक्षक आलेत. नोंदीत एक झाड पूर्वेला कललेलं आहे म्हणतात. ते वाकवायचं कसं?”

“आईला विचारून सांगते. धरून ठेवा तोवर.”

खुर्ची गेली, बारावा मजलाही गेला. शेट्यांचा एक टॉवर गेला. कबूल केलेल्या तिन्हींतली तिसरी गोष्ट तेवढी हर्षदाला मिळाली, आणि शेट्ये रोपटं धरून गुडघाभर चिखलात उभे राहिले.