सहावं मशीन

बसा पावणं, चहा ठेवलाय. तेवढा फोन वाजला तर मात्र तुम्ही हात लावायचा न्हाय, मी उचलीन. का, ते सांगतो.

पंच्याण्णव साली कोल्हापुरात कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी आम्ही दोन-चारच टाळकी होतो. काळी वायर एका मशीनकडनं दुसऱ्याकडं ओढायची, फ्लॉपीतलं सॉफ्टवेअर भरायचं, झालं नेटवर्क. झालं म्हणजे काय, रोज कुरकुर. सॉफ्टवेअरबरोबर एक कागद यायचा, त्यात कंपनीनंच आपले दोष कबूल केलेले. मला त्यो पाठ होता. एक, पाचाच्या वर मशीनं चालणार न्हाईत. दोन, फाईल उघडी असताना मशीन बंद पडलं, तर फाईल त्याच्याच नावावर अडकून बसती. सगळी मशीनं बंद करून परत चालू करायची. तीन, तरी सुटली न्हाय तर कुलूप जबरीनं तोडता येतं, पण अर्धवट राहिलेली नोंद पुसली जाती. पुढं जे मी बघितलं, ते त्या कागदात कुठंच न्हवतं.

एका धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीत मशीन बदलायला गेलतो. सकाळचे अकरा. तिथं आक्काताई नावाच्या बाई रक्तदात्यांची यादी टाइप करायच्या. दोन दिवसांआधी टाइप करता करताच खुर्चीत गेल्या. त्यांना उचलायच्या गडबडीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, मशीन बंद पडलं ते परत उठलंच न्हाय. आदल्या दिवशी दुखवट्याची सुट्टी होती. मी ते जुनं मशीन काढून भिंतीकडं तोंड करून ठेवलं आणि नवं जोडलं. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास होता. बाई डोकं दुखतं म्हणून कायम कपाळाला लावायच्या, तेव्हा मला त्यात काय वेगळं वाटलं न्हाय.

आक्काताईंची एक शिस्त होती. मागं एकदा फोन नंबरातला एक आकडा चुकला, दाता सापडला न्हाय आणि एक बाळंतीण गेली. तवापासनं त्या कागदावरनं मोठ्यानं वाचायच्या आणि दुसऱ्यानं पडद्यावर बघून ‘व्हय’ म्हणायचं. त्याशिवाय नोंद बंद करायच्या न्हाईत. साहेब असू दे न्हायतर शिपाई, दुसऱ्याला उभं राहावंच लागायचं.

माझं काम उरकत आलतं, तेवढ्यात रक्तपेढीचे प्रमुख प्रसेनजीत सर घामाघूम होऊन आत आले.

“कृष्णात, यादी उघड. सोनमला वर ऑपरेशनला घेतलंय. ओ निगेटिव्ह पायजे, आणि फ्रीजमध्ये एकबी बाटली न्हाय.”

सोनम म्हणजे त्यांची बायको. पहिलंच बाळंतपण. मी यादी उघडायला गेलो, तर पडद्यावर ओळ आली: फाईल वापरात आहे. मशीन ६. आक्काताई.

“दोष नंबर दोन,” मी म्हटलं. “दोन मिनटं द्या.”

तिथली पाचही मशीनं बंद केली, परत चालू केली. तीच ओळ. मग डोक्यात उजेड पडला की सहावं मशीन असूच शकत न्हाय. यादी ज्यात होती त्या मुख्य मशीनची काळी वायरच उपटली. आता ते एकटं, कुणाशीच जोडलेलं न्हवतं. तरी मशीन ६. आक्काताई.

आणि भिंतीकडनं आवाज आला. टक… टक. बटणं दाबल्याचा. जुन्या मशीनचा प्लग माझ्या पायाशी पडलेला.

भ्यालो न्हाय असं सांगणार न्हाय. पण वर एक पोरगी रक्तावाचून चालली होती, आणि मी जोडलेलं यंत्र मलाच आडवं येतंय म्हटल्यावर माझं टाळकं फिरलं.

“तोडतो कुलूप. एक अर्धी नोंद जाईल. गेली तर गेली.”

सरांनी माझं मनगट धरलं. “थांब… ती नोंद त्यांची शेवटची.”

“सर, यळ न्हाय.”

“त्या वाचत होत्या. व्हय म्हणायला मीच उभा होतो. फोन आला म्हणून गेलो. परत आलो, तर मान टाकलेली…” मग डोळे पुसून ते पडद्यासमोर ताठ उभे राहिले आणि भिंतीकडं न बघता म्हणाले, “आक्काताई, वाचा. मी हाय. ह्या खेपेला जाणार न्हाय.”

टक, टक, टक. पडद्यावर नाव उमटलं. हंबीरराव.

“व्हय.”

उचगाव.

“व्हय.”

ओ निगेटिव्ह. सर त्यालाबी व्हय म्हणाले. मग नंबर, एक एक आकडा सावकाश, आणि प्रत्येकाला त्यांचं व्हय. शेवटच्या व्हयला वास एकदम दाट झाला आणि यादी उघडली.

यादीत ओ निगेटिव्हची तीनच माणसं होती. एक परगावी, एकाचा फोन बंद. तिसरे हंबीरराव. मी कुलूप तोडलं असतं तर ते नाव राहिलंच नसतं. गडी वीस मिनटांत मोटारसायकलवरनं आला. सोनम वाचली. लेक आता आठवीत हाय.

इथं संपायला पायजे होतं. पण संध्याकाळी यादी बंद करताना खाली एक नवी ओळ सुरू झालेली दिसली. मशीन ६. माझं नाव, माझं गाव, आणि एक फोन नंबर. सर सवयीनं व्हय म्हणणार, तेवढ्यात मी त्यांचं तोंड दाबलं. पावणं, तवा माझ्याकडं फोनच न्हवता. अर्ज केलता, नंबर लागायचा होता. चार वर्सांनी घरात फोन बसला. नंबर तोच.

आता ती वायर न्हाय, ते सॉफ्टवेअर न्हाय, ती खोलीबी पाडली. पण कधीमधी सकाळी अकराला हा फोन वाजतो. पलीकडनं माझं नाव सावकाश वाचलं जातं, मग गाव, मग नंबर. मग कुणीतरी थांबून राहतं. यादी कसली, ते सांगत न्हाईत. मीबी हट्टी हाय. दर खेपेला उचलतो, शेवटपर्यंत ऐकतो, पण व्हय म्हणत न्हाय. दुसऱ्या कुणाच्या तोंडनंबी ते चुकून निघायला नको.

अकराला पाच मिनटं हायत. घ्या, चहा घ्या.