सात मिनिटांची भीती

सकाळी साडेसहाला आंबोळखाडीच्या शिबिरात चहाची घंटा झाली. चाळीस तरुण-तरुणींनी आपापले बूट उचलले, उलटे केले, बाकाच्या कडेवर दोनदा आपटले आणि मगच पायात घातले. विंचू एकाच्याही बुटात निघाला नाही. मग सगळ्यांनी चहा बशीत ओतला, तीनदा फुंकर मारली आणि एकाच वेळी भुरका घेतला.

कोपऱ्यात बसलेल्या निवृत्त सुभेदार भिकाजी घागांनी बशी तोंडाला लावली होती, ती तशीच खाली ठेवली. विंचू त्यांना चावला होता, तीस वर्षांपूर्वी, वाळवंटातल्या एका चौकीत. फुंकरही त्यांचीच होती.

"डॉक्टरबाई," ते शेजारी बसलेल्या डॉ. रुखसाना परकारना म्हणाले, "ह्या पोरांना मी लढाई शिकवायला आलोय. माझ्या खोडी कशाला वाटताय?"

"सुभेदारकाका, खोडी आणि लढाई तुमच्या अंगात एकाच डब्यात भरून ठेवलीय. वेगळी करता येत नाही," परकारबाई हसून म्हणाल्या.

परकारबाई जवळच्या खेडच्याच. मेंदूचा अभ्यास करता करता त्यांनी 'स्मरणजाळी' तयार केली होती. बारीक तारांची एक टोपी आणि तसंच एक जाकीट. अनुभवी माणसाने ते घालून आठवायला बसायचं. जाळी चित्रं टिपत नाही, शब्दही टिपत नाही. कुठल्या क्षणी छाती किती धडधडली, मान कुठे वळली, पाय कधी थबकला एवढंच ती टिपते, आणि मग नवख्या माणसाच्या अंगात मंद विजेने तेच पुन्हा घडवते. बारा बैठकींत नवख्याचा पाय आपोआप थबकायला लागतो. या शिदोरीला त्यांनी नाव दिलं होतं रणस्मृती.

गरजही तशीच होती. समुद्रापलीकडच्या शत्रूने आपली दोन बेटं घेतली होती आणि आता तो किनाऱ्यावर उतरणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. शत्रूचं नाव तेव्हा रोज वर्तमानपत्रात छापून येई, त्याची इथे आणखी जाहिरात करायचं कारण नाही. खरी फौज मोठ्या बंदरांवर गुंतलेली होती. लहान खाड्या राखायला उभारलेल्या किनारा दलात मासेमारी करणारे खारवी होते, शिक्षक होते, एक केशकर्तनकार होता, आणि हातात होते सहा आठवडे. सैनिक मुरायला सहा वर्षं लागतात. म्हणून घागांचं मुरलेपण चाळीस जणांना वाटून द्यायचं ठरलं होतं.

घाग वयाच्या पंचविशीत सरहद्दीवरच्या डोंगरात लढले होते. छातीवर पदक होतं. गावातल्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला ते त्या चढाईची गोष्ट सांगत, आणि गोष्ट दरवर्षी थोडी उंच होत असे. पहिल्या वर्षी ते सरपटत वर गेले होते. अलीकडे धावत जात.

चहा संपता संपता शिबिराचे प्रमुख कर्नल सरनोबत आले. कोल्हापूरकडचा, मनाने सरळ आणि घड्याळाच्या बाबतीत कडक माणूस.

"शत्रूकडेही अशीच जाळी आहे," ते म्हणाले. "पण त्यांनी तिला गाळणी लावली आहे. जुन्या सैनिकांच्या अनुभवातून भीती गाळून टाकतात आणि बाकीचं देतात. बेटांवर त्यांची पोरं गोळीबारात पापणीसुद्धा हलवत नव्हती. आपणही गाळणी लावायची. डोंगरातल्या लढाईची बैठक उद्या आहे ना? उद्यापासूनच."

परकारबाईंनी घागांकडे पाहिलं. हरकत घेणार असेल तर हा म्हातारा घेईल, असं त्यांना वाटत होतं.

"लावा की," घाग पटकन म्हणाले. "भीती घेऊन करायचंय काय?"

दुसऱ्या दिवशी वीस जणांना गाळलेली रणस्मृती दिली. शुक्रवारी मैदानावर परीक्षा झाली. काय नेम, काय धावणं. कर्नल खूश होऊन मिशीवरून हात फिरवायला लागले. तेवढ्यात फट फट आवाज झाले आणि गुलाबी धुरळा उडाला. गवतात पुरलेल्या खोट्या सुरुंगांत रंगाची पूड भरली होती. धुरळा बसला तेव्हा विसातले सतरा नखशिखांत गुलाबी होते आणि बाकीचे वीस गडाबडा लोळून हसत होते.

गुलाबी झालेल्यांत दीक्षा पालशेतकर होती. तेवीस वर्षांची, खारव्याची पोरगी, वाऱ्याचा वास घेऊन हवा सांगणारी.

"सुरुंगाची तार दिसली नाही तुला?" घागांनी विचारलं.

"दिसली ना, साहेब."

"मग?"

दीक्षाने गालावरची पूड पुसली. "थांबावंसं वाटलंच नाही. तार आहे हे कळलं. तार आहे तर काय झालं, असं वाटलं."

घागांचं हसू मावळलं. कर्नल मात्र म्हणाले, "आणखी सराव द्या, शिकतील." घड्याळ बघून ते निघून गेले.

दुपारी परकारबाई घागांच्या खोलीवर आल्या. हातात आलेखाचा कागद होता.

"काका, ही तुमची डोंगरातली चढाई. ही धडधड, हा श्वास. आणि इथे, मध्येच, सात मिनिटं तुम्ही हललाच नाहीत. गाळणी हीच सात मिनिटं उचलून टाकते."

घागांनी खिडकी लोटून घेतली.

"थांबायचं कुठे, हे शरीर याच सात मिनिटांत शिकलंय," बाई म्हणाल्या. "ती काढली की पोरं तारेवर पाय देणार. आज पूड होती."

"ठाऊक आहे मला."

"मग गाळणीला हो का म्हणालात?"

घाग खाटेवर टेकले. "बाई, त्या सात मिनिटांत मी दगडाआड पालथा पडलो होतो. पँट ओली केली होती. आईला हाका मारत होतो, लहान पोरासारख्या. वर माझी माणसं लढत होती. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता चाळीस पोरांच्या अंगात जाऊन बसणार ते. गावातली आहेत ती. उद्या शाळेत कुठल्या तोंडाने उभा राहू?"

परकारबाईंनी कागदाची घडी घातली. खोटी समजूत घालायची त्यांना सवय नव्हती.

"तुमची परवानगी नसेल तर मी देणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

घागांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. एका ताटात पन्नास वर्षांची अब्रू होती आणि दुसऱ्या ताटात गुलाबी झालेली सतरा तोंडं. संध्याकाळच्या हजेरीला ते स्वतःहून पुढे आले आणि चाळीस जणांसमोर उभे राहिले.

"मशीन सांगेल त्याआधी मीच सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. दगड, पँट, आई.  कुणी हसलं नाही. मागे उभे असलेले कर्नल पुढे येऊन काही बोलणार होते, पण घागांचा चेहरा पाहून जागीच थांबले. गाळणी काढायला त्यांनी नंतर होकार दिला, तो मात्र कुरकुरतच.

त्या आठवड्यात चाळीसही जण जाळीखाली बसले. बाहेर आले ते घामाने निथळत. केशकर्तनकाराचे हात तासभर थरथरत होते, तेव्हा कुणी त्याच्याकडून दाढी करून घेईना. दीक्षा डोळे पुसत थेट घागांकडे आली.

"साहेब, एक कळलं नाही. इतकी भीती होती, तर तुम्ही उठलात कसे?"

"वरून माझ्या तुकडीतला हणमंत ओरडला, पाणी आहे काय रे? पाण्याची बाटली माझ्याकडे होती. मग काय करणार, उठलो."

 दीक्षाने वाकून नमस्कार केला. पंधरा ऑगस्टच्या भाषणानंतर इतक्या वर्षांत तो कुणी केला नव्हता.

नऊ दिवसांनी, सकाळी आठच्या सुमाराला, शत्रू आला. ओहोटी संपत आली होती. खाडीच्या तोंडाशी बोटी थांबल्या आणि एकशे पंधरा सैनिक उतरले. त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये अर्धा मैल चकचकीत काळा चिखल होता. कर्नलांचा बेत पक्का होता. शत्रू सावरायच्या आत चिखल ओलांडून त्याला बोटींपाशीच गाठायचं.

"पुढे व्हा," बिनतारीवर हुकूम आला.

सुरूच्या बनातून चाळीस जण निघाले, चिखलाच्या काठापर्यंत आले आणि थांबले. चाळिसांचे गुडघे लटपटत होते.

"पालशेतकर, काय झालं?"

"साहेब, पाय पुढे जात नाहीत," दीक्षा म्हणाली. "आणि पाय म्हणतात ते बरोबर आहे. ओसरत्या पाण्याने मधली वाट खाल्लीय. वर साय धरलीय, खाली तळ नाही. रोजचं बघणं आहे माझं, तरी गाळणी लावलेली मी सरळ गेले असते."

कर्नल संतापले. पुढचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण ते बोलत असतानाच समोरून शत्रू निघाला, सरळ रेषेत, सगळ्यांत जवळच्या वाटेने. पहिली रांग गुडघ्यापर्यंत गेली, मग कमरेपर्यंत. दुसऱ्या रांगेने ते पाहिलं आणि तरीही पाऊल टाकलं. तिसऱ्या रांगेनेही टाकलं. कुणी ओरडलं नाही, कुणी मागे वळलं नाही. अर्ध्या तासात एकशे पंधरा माणसं खाडीत रोपांसारखी रोवली गेली होती. कर्नलांची बिनतारी गप्प झाली.

मग भरती सुरू झाली.

दीक्षाने दुभाषा भोंगा तोंडाशी धरला. तिची भाषा यंत्र त्यांच्या भाषेत करून ओरडत होतं. "शस्त्रं टाका, नाहीतर मराल."

उत्तर म्हणून दोन गोळ्या आल्या. एक गोळी एका शिक्षकाच्या दंडाला चाटून गेली. ज्याला मरणाची भीतीच नाही, त्याला मरणाची धमकी देऊन काय उपयोग? घाग मागून सरपटत आले आणि दीक्षाच्या कानाशी म्हणाले, "पोरी, धाक नको दाखवू. हिशेब सांग."

दीक्षाने पुन्हा भोंगा उचलला. "पाणी पन्नास मिनिटांत डोक्यावरून जाईल. आमच्याकडे सहा होड्या आहेत. आत्ता सुरुवात केली तर सगळे निघाल. वीस मिनिटांनी केली तर निम्मे."

 पुढच्या रांगेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने गणित सुटल्यासारखी मान हलवली आणि बंदूक पाण्यात टाकली. मागोमाग सगळ्यांनी टाकल्या.

त्यानंतरची पन्नास मिनिटं शिबिरातल्या कुणीही विसरलं नाही. होड्या, फळ्या, दोर. चिखलातून माणूस ओढताना होणारा तो चोखल्यासारखा आवाज आणि प्रत्येक आवाजाला काठावरून उठणारी आरोळी. केशकर्तनकाराने एकट्याने नऊ जण काढले आणि पुढे महिनाभर तो आकडा सांगत फिरला. एकशे बारा वर आले. तिघे आले नाहीत.

कैदी शाळेच्या वर्गात ठेवले. अंगाला चिखल वाळलेला, हातात चहाचे पेले. चौथ्या दिवशी त्या तरुण अधिकाऱ्याने भेट मागितली. टेबलापलीकडे कर्नल, परकारबाई आणि घाग बसले. मध्ये दुभाषा यंत्र होतं.

"बुडालेल्या तिघांतला एक माझा शाळेपासूनचा मित्र होता," अधिकारी शांतपणे म्हणाला. "माझ्या हाताच्या अंतरावर होता. त्याचं डोकं खाली जाताना मी पाहिलं आणि पुढचं पाऊल कुठे टाकावं याचा विचार केला. चार दिवस मी त्याच्यासाठी रडायचा प्रयत्न करतोय. येत नाही. तुमची माणसं काठावर थरथरत होती, ती मी पाहिली. ते मला मिळेल का? माझ्या माणसांनाही हवंय."

"नाही," कर्नल लगेच म्हणाले. यंत्र बंद करून ते घागांकडे वळले. "साहेब, नीट समजून घ्या. आपण जिंकलो ते या एका गोष्टीवर. कैद्यांच्या अदलाबदलीत ही माणसं परत जाणार. त्यांच्या अंगात भीती असली तर पुढच्या वेळी ती चिखलाच्या काठावर थांबतील. आपण आपलं हत्यार त्यांच्या हातात देतोय."

कर्नलांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. परकारबाईंनाही ते खोडता येईना. पण ती सात मिनिटं घागांची होती. कायदाही तेच म्हणत होता, की ज्याचा अनुभव त्याची परवानगी. बाईंनी जाळी टेबलावर ठेवली होती आणि त्या घागांच्या तोंडाकडे बघत होत्या.

घागांनी समोरच्या पोराकडे पाहिलं. वय असेल पंचवीस. त्यांनी हात लांब करून जाळी उचलली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"द्या त्याला, बाई. सगळी द्या, काही गाळू नका."

"आणि पुढच्या वेळी?" कर्नलांनी विचारलं.

"पुढच्या वेळी काय, साहेब? ह्या काठाला आपण थांबलेले, त्या काठाला ते थांबलेले. मग पहिलं पाऊल टाकणार कोण?"