काळा कागद लावलेली खिडकी

विनितानं तिसऱ्यांदा कडी वाजवली तेव्हा कुठे आत पावलं वाजली. सकाळचे साडेदहा झाले होते. ज्यानं दार उघडलं त्याचा स्वेटर उलटा होता आणि एक डोळा अजून मिटलेलाच होता.

"करंबेळकर?" तिनं दारावरची पाटी वाचून विचारलं.

"हो. परीक्षित."

"मी तळमजल्यावरून आले. गिरीश देशकरांची मेव्हणी, विनिता." मग ती थांबली. "तुम्हांला बरं नाही का?"

"बरं आहे. झोपलो होतो."

"साडेदहाला?"

"रात्रपाळी असते माझी. सातला सुटते."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून तिला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. ती वळलीसुद्धा. तेवढ्यात तो म्हणाला, "आता उठलोच आहे. बोला."

"मला तुमची खिडकी हवी होती," ती म्हणाली. "म्हणजे... एका दिवसासाठी."

त्याचा दुसरा डोळा उघडला.

गोष्ट अशी होती. विनिताची मोठी बहीण मंजूषा बारा दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. त्यांची आई जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे बाळंतपण करायला विनिताच नागपूरहून भोपाळला आली होती. तिकडे ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची, सव्वा महिन्याची रजा टाकून आली होती. बाळाचे घरीच, निवांतपणे फोटो काढायचे असं मंजूषानं सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं. फोटो काढणारी वैजयंती, तिचा महाराणा प्रताप नगरात छोटा स्टुडिओ. तिनं तयारीची यादी पाठवली होती. खोली उबदार हवी. कपडे साधे, एकरंगी. बाळाला आदल्या तासाभरात पाजलेलं असावं. घड्याळ बघू नये. आणि सगळ्यात वर, मोठी खिडकी हवी.

सोनागिरीतल्या त्या तीन मजली इमारतीत देशकरांचं घर तळाशी, दोन्ही खोल्यांत भरदिवसा ट्यूबलाइट. दुपटी वाळत घालायला गच्चीवर जाताना विनिताला दुसऱ्या मजल्यावरची ही खिडकी दिसली होती. पूर्वेची, जवळजवळ भिंतीएवढी. आणि आतून काळा कागद लावून पूर्ण बंद केलेली.

"तो कागद मी झोपायला लावलाय," परीक्षित म्हणाला.

"आत्ता कळलं ते."

"फोटो कधी आहेत?"

"रविवारी. पण त्याआधी वैजयंतीनं उजेडाचे नमुने मागितलेत. नऊ, अकरा आणि एक वाजताचे." तिनं ते जरा घाईघाईनं सांगितलं.

त्यानं मागे वळून अंथरुणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उद्यापासून या," तो म्हणाला.

बुधवारी नऊ वाजता ती गेली तेव्हा कागद निघालेला होता आणि खोली झाडलेली होती. उन्हाचा मोठा चौकोन अंथरुणावर पडला होता. बाळाच्या जागी उशी ठेवायची असं ठरलं. विनितानं उशीला दुपट्यात नीट गुंडाळलं, मधोमध ठेवलं आणि मोबाइलवर फोटो काढले.

"फार शांत बाळ आहे," तो चहाचा कप धरून म्हणाला.

"खालचं असं नाहीये."

"माहीत आहे. ऐकू येतं."

"तुमची झोपमोड होते?"

"आधी व्हायची. आता ते रडायचं थांबलं की जाग येते... काय झालं असेल म्हणून." त्यानं कप पुढे केला. "चहा?"

"नको."

ती अकराला आली, एकला आली. गुरुवारी धुकं पडलं. जानेवारीतलं भोपाळचं धुकं, दहा वाजेपर्यंत समोरची टाकीही दिसेना. नमुने पुन्हा घ्यावे लागले. शुक्रवारी हीटर लावून खोली किती वेळात तापते ते पाहिलं. या सगळ्यात परीक्षित एका बाजूला उभा असायचा, उशी सरकवायचा, पडदा धरायचा. तो चिपळूणचा. कारखान्यात इंजिनियर म्हणून लागून चार वर्षं झाली होती. बोलायचा कमी, पण तिचं बोलणं संपायची वाट बघायचा. तिला अशा माणसांची सवय नव्हती. घरात सगळे तिचं वाक्य अर्ध्यातच पूर्ण करायचे.

"रजा संपली की परत नागपूर?" त्यानं शुक्रवारी विचारलं.

"हो. गेल्या गेल्या बघायचा कार्यक्रम आहे. अमरावतीचे लोक आहेत."

तो हीटरचं बटण फिरवत होता. फिरवतच राहिला. "तुम्हांला भेटायचंय त्यांना?"

"बाबांनी विचारलं, मी हो म्हटलं." तिनं दुपट्याची घडी घातली. "मी सगळ्यालाच हो म्हणते. लवकर मिटतं मग."

"मला नाही म्हणालात."

"मी? कधी?"

"चहाला. तीन दिवस रोज."

तिला हसू आलं. त्या दिवशी तिनं चहा घेतला. तो फार गोड होता, तसं तिनं सांगितलंही. त्यानं ते मान हलवून ऐकलं.

शनिवारी सकाळी ती खिडकीजवळचं टेबल हलवायला म्हणून वर गेली. त्यानं दार उघडलं, आणि त्याच्या भुवईवर पांढरी पट्टी होती.

"काय झालं?"

"काही नाही. पायरी चुकली. तीन टाके पडले."

"कुठली पायरी?"

"कारखान्यातली. लोखंडी जिना आहे."

विनिता लॅबमध्ये दिवसभर माणसांचे चेहरे बघायची. थकलेला चेहरा तिला ओळखू यायचा. गेले तीन दिवस तो तिला दिसतच होता, तिनं मनावर घेतलं नव्हतं.

"बुधवारपासून किती तास झोपलात?"

तो खरंच हिशेब करू लागला. "सगळे मिळून... दहा-अकरा असतील. कागद काढल्यापासून दुपारीही डोळा लागत नाही."

तिनं टेबल होतं तिथंच सोडलं. कोपऱ्यात काळ्या कागदाची गुंडाळी उभी होती. तिनं ती घेतली, खुर्चीवर चढली आणि कागद परत खिडकीला चिकटवायला लागली.

"अहो, उद्या रविवार आहे," तो म्हणाला. "फोटो..."

"फोटो खाली होतील. नाहीतर होणार नाहीत." ती चिकटपट्टी दातानं तोडत होती. "तुम्ही सांगायचं होतं ना. जिन्यावरून खाली पडला असतात म्हणजे?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात."

तिनं शेवटचा कोपरा चिकटवला आणि खोली अंधारली. अंधारातच ती खाली उतरली, "झोपा आता," एवढंच म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

रविवारी दहा वाजता वैजयंती आली. ही जन्मापासून भोपाळची, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मी हिंदी. विनितानं तिला सगळं सांगितलं... वरची खिडकी मिळणार नाही, खाली उजेड नाही, चूक आपली आहे. वैजयंती ऐकत ऐकत घरभर फिरली आणि स्वयंपाकघरात जाऊन थांबली.

"अरे, हे तर एकदम मस्त आहे," ती म्हणाली. "ही खिडकी छोटी आहे, पण समोरच्या घराची भिंत बघ ना, पूर्ण पांढरी. ऊन तिच्यावरून टकरून येतंय. नरम उजेड. आणि सकाळपासून गॅस चालू, म्हणजे खोली पण गरम."

"मग वरची...?"

"वरची कशाला? टेन्शन नको घेऊ, आरामात करू."

ओट्यासमोर गादी टाकली, तिच्यावर मंजूषाच्या लग्नातली सुती गोधडी. मंजूषा दारातच उभी होती. तिचा चेहरा सुजलेला होता, अंगात जुना गाऊन. बाळंतपणानंतर ती आरशात फारशी बघतच नव्हती, आणि दोन दिवस ती एकच वाक्य बोलत होती. तेच पुन्हा म्हणाली, "बाळाचेच काढा. माझे नकोत."

"ठीक आहे," वैजयंती म्हणाली. तिनं काही आग्रह केला नाही. बाळ मात्र झोपेना. तासभर रडलं, गोधडी ओली केली, पुन्हा रडलं. गिरीश खुळखुळा घेऊन आला, त्याला बाहेर पाठवलं. शेवटी मंजूषा गादीवर येऊन बसली आणि बाळाला पाजायला घेतलं. ते शांत झालं. तिनं मान खाली घालून त्याच्या कानामागची लव एका बोटानं सारखी केली. वैजयंतीनं तेव्हाच कॅमेरा उचलला. मंजूषाला ते कळलं. ती बोट तसंच फिरवत राहिली.

दीड वाजता सगळं आवरलं.

संध्याकाळी पाच वाजता परीक्षित घाईघाईनं जिना उतरून आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले. "गजर ऐकूच आला नाही," तो गिरीशला म्हणाला. "झाले का फोटो?" मंजूषानं उत्तर न देता बाळ त्याच्या हातात दिलं. तो श्वास रोखून उभा राहिला. विनितानं ते पाहिलं आणि दुपटी काढायला म्हणून गच्चीवर गेली. थोड्या वेळानं तोही आला.

"म्हणजे माझ्या खिडकीची गरजच नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"चार दिवस..."

"चार दिवस आणि तीन टाके," ती दोरीवरचे चिमटे काढत म्हणाली. "माझं चुकलं. मी आधी वैजयंतीला घर दाखवायला हवं होतं."

"मला गरज होती." तो दोरीच्या पलीकडे होता, मध्ये दुपटं. "तुम्ही वर येण्याची."

तिनं ते दुपटं काढलं नाही.

"त्या अमरावतीच्या लोकांना हो म्हणू नका," तो म्हणाला. "एवढंच सांगायला आलो."

"एवढंच?"

"नाही. मला हो म्हणा, असं सांगायचं होतं. पण तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता. मला तसलं नको."

"मग कसलं हवं?"

"विचार करून दिलेलं. नाही असलं तरी चालेल... म्हणजे चालणार नाही, पण ऐकेन."

खालून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. दोघांनीही एकदमच तिकडे मान वळवली. विनितानं उरलेली दुपटी गोळा केली आणि त्याच्या शेजारून जाताना म्हणाली, "उद्या सांगते."

त्या रात्री तिला झोप लागली ती उशिरा. कुणी तिला विचार करायला सांगितल्याची तिला सवय नव्हती. पण तिनं तो केला.

सोमवारी दुपारी बारा वाजता, मंजूषा आणि बाळ दोघंही झोपलेली असताना, तिनं नागपूरला फोन लावला.

"बाबा, अमरावतीच्या लोकांना नाही कळवा."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "का गं? तूच हो म्हणाली होतीस."

"तेव्हा विचार केला नव्हता. आता केला."

"कोणी आहे का?"

"आहे."

"भोपाळचा?"

"चिपळूणचे आहेत. इथे कारखान्यात इंजिनियर आहेत. ताईच्याच इमारतीत राहतात."

"दे त्याला फोन."

"आत्ता नाही. झोपलेत ते."

"दुपारी बारा वाजता?"

"रात्रपाळी असते, बाबा. झोपू द्या त्यांना. पाचला उठतात."

एकाच फोनमध्ये मुलीनं त्यांना दोनदा नकार दिला होता, आणि हे पहिल्यांदाच घडत होतं. "बरं," ते शेवटी म्हणाले. "मग सहाला लावतो. तुझ्याच फोनवर."

साडेपाचला ती वर गेली. या वेळी एकदाच कडी वाजवली. त्यानं दार उघडलं. डोळ्यांत झोप होती, भुवईवरची पट्टी अर्धी सुटली होती. तिला पाहून तो एकदम सरळ उभा राहिला.

"तुम्ही... आज सांगणार होतात," तो म्हणाला.

"सहा वाजता बाबांचा फोन येणार आहे."

"कोणाच्या?"

"माझ्या बाबांचा. तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा त्यानं दाराची चौकट धरली. "मी काय बोलू त्यांच्याशी?"

"विचारतील ते खरं सांगा," विनिता म्हणाली आणि त्याला बाजूला सारून पहिल्यांदाच न विचारता आत गेली. "आधी तोंड धुऊन या. चहा मी ठेवते. साखर कमी घालून."