लपणातली डावी जागा

ही गोष्ट रचलेली नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही तो शब्द वापरताना मी अडखळते. पण जे पाहिलं ते पाहिलं, आणि अकरा वर्षांनी ते कोणाला तरी सांगायला हवं.

तलावातल्या टापूवर पाखरांचे फोटो काढायला कोणता मोसम चांगला, असं मला विद्यार्थी विचारतात. मी सांगते, डिसेंबर. पाणी शांत असतं. ऊन मऊ असतं. परदेशी बदकं आलेली असतात.

हे उत्तर अर्धंच खरं आहे.

पाखरू घरट्यावर बसलेलं हवं असेल, पिल्लाला भरवताना हवं असेल, तर खरा मोसम भाद्रपद. हिवाळ्यात घरट्यांच्या नुसत्या काड्या उरतात. मे महिन्यात चिखल तुडवत पायी टापूवर जाता येतं, पण झाडावर काहीच नसतं.

तरी मी डिसेंबर सांगते.

ही १९७८ची गोष्ट. रविवार, २४ सप्टेंबर. साकोलीपासून नागझिऱ्याच्या जंगलाकडे गेलं की एक जुना मोठा तलाव लागतो. नाव मुद्दाम देत नाही. तलावाच्या मधोमध दीड-दोन एकरांचा टापू आहे. त्यावर करंज आणि बाभळी. बाभळींवर घोंगल्या-फोड्यांची वसाहत. हा करकोच्याच्या जातीचा पक्षी, चोचीत फट असलेला, तलावातले घोंगे, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, फोडून खाणारा. पीएचडीसाठी मी त्याच्यावर तीन वर्षं काम करत होते. घरट्यावरच्या पक्ष्याचे स्वच्छ फोटो नसतील तर विणीचं प्रकरण उभं राहणार नाही, असं मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये चार धीवरांना घेऊन मी टापूवर लपून फोटो काढायला लपण बांधून घेतलं. बांबूचा सांगाडा आणि वरून गोणपाट. आत दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा. समोर तीन घरटी, वीस फुटांवर. महिन्याभरात पाखरं लपणाला सरावली. त्याच्या छतावरसुद्धा बसू लागली.

आता फक्त मी आत बसायचं होतं. एकटीनं.

आणि तिथंच अडलं.

तलावावरचे सगळ्यात जुने धीवर बाबूलाल. त्यांनी साफ नकार दिला. "चार माणसं नेतो बाई, चार वापस आणतो. एकाले ठेवून येत नाही."

मी कारण विचारलं. ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "पावसाळ्यात टापूवर एकटं माणूस सोडत नाही आमी. तलाव जोडी पुरी करते."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं.

तेव्हा शकुनबाई पुढं आली. चाळिशीची, काटक. नवऱ्याचा डोंगा, लाकडी होडी, आता तीच चालवायची. मी नेतो, म्हणाली. पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, बायकांनी तिच्याकडे आणि मग एकमेकींकडे पाहिलं.

मला तेव्हा त्या नजरांचा अर्थ कळला नाही.

डोंग्यात मी तिला युक्ती समजावली. पाखरांना माणसं मोजता येत नाहीत. लपणात दोघांनी जायचं आणि एकानं बाहेर पडून निघून जायचं. पाखरांना वाटतं, माणूस गेला. ती खाली उतरतात. जगभर पक्ष्यांचे फोटो असेच काढतात.

ती हसली. "एवढी मोठी चोच घेऊन फिरते अन् दोनपर्यंत गिनता येत नाही?"

"नाही येत."

"मंग आत कोणी हाये का नाही, हे पाखराले बरोब्बर समजते म्हणा. किती हायेत ते नाही समजत."

मी म्हटलं, अगदी बरोबर. माझ्या वर्गातल्या मुलांना हे इतक्या लवकर कळत नसे.

त्या रविवारी सकाळी सव्वासातला आम्ही दोघी लपणात शिरलो. पाच मिनिटांनी ती बाहेर पडली. डोंगा पाण्यात ढकलल्याचा आवाज आला. मग वल्ह्याचा. मग काहीच नाही.

मी उजवीकडे स्टुलावर बसले होते. कॅमेरा समोर. डावीकडची तिची जागा मोकळी.

पाखरं वर घिरट्या घालत होती. दहा मिनिटांत उतरायला हवी होती.

अर्धा तास झाला.

इतर झाडांवरची उतरली. माझ्या समोरच्या तीन घरट्यांवरची मात्र नाही. ती शेजारच्या करंजावर बसली आणि माना वाकवून लपणाकडे पाहत राहिली.

मला वाटलं, भिंगाची चमक दिसत असेल. पण ती भिंगाकडे पाहत नव्हती...

ती डावीकडे पाहत होती.

मी मान वळवली. गोणपाट. चिखल. शकुनबाईच्या पावलांचे ठसे. बस.

मग आवाज सुरू झाला...

टप्.

बऱ्याच वेळानं परत, टप्.

रात्रीपासून पाऊस नव्हता. छत कोरडं होतं. तरी माझ्या डाव्या बाजूला, जमिनीपासून साधारण हातभर उंचीवरून, थेंब पडत होता. ओले कपडे घालून बसलेल्या माणसाच्या कोपरावरून पडावा तसा.

मी स्वतःला सांगितलं, गोणपाटात पाणी साचलं असेल.

पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर चिलटं जमतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. श्वासाची ऊब आणि घामाचा वास त्यांना खेचतो. डोक्यावर त्यांचा एक बारीक खांब तयार होतो आणि माणूस हलेल तसा हलतो. माझ्या डोक्यावर तो होताच.

दुसरा खांब...

डाव्या जागेवर होता. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

मी श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिले. तो थोडासा झुकला. माझ्याकडे.

शकुनबाई दहाला आली, तेव्हा मी टापूच्या किनाऱ्यावर उभी होते. एकही फोटो काढला नव्हता.

डोंगा सुटल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "पाखरं बसले?"

"नाही."

तिचं वल्हं थांबलं. "कोणीकडे पाहून राहिले होते?"

मी सांगायला नको होतं. पण मला कोणी निरीक्षण विचारलं की मी सांगते. म्हटलं, डावीकडे. तुमच्या जागेकडे.

तिनं वल्हं डोंग्यात आडवं ठेवलं. मग तिनं सगळं सांगितलं.

तिचा नवरा तुलाराम तीन वर्षांपूर्वी, भाद्रपदातच, टापूकडे जाळी पाहायला एकटा गेला होता. डोंगा सापडला. तो सापडला नाही. प्रेत वर आलं नाही. दीर ईश्वर म्हणत होता, आता कुंकू पूस, बांगड्या फोड, यंदा पितरांत भावाचं पान वाढू. ती तयार नव्हती. मेला असेल तर मेला. पण मेला हे कोणीतरी पाहिलेलं तर असावं. जिवंत असला तर? तिनं जिवंत माणसाचं कुंकू पुसायचं? पितृपंधरवडा सुरू झाला होता. ईश्वरनं अमावास्येपर्यंतची मुदत दिली होती.

"मी मुद्दाम सोडलं तुमाले," ती म्हणाली. "जोडी पुरी कराले कोण येते, मले पाहाचं होतं. तुमाले दिसणार नाही, हे मले ठाऊक होतं. पाखराले तं दिसन."

मला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. आणि त्याहून जास्त, हे सगळं तिच्या डोक्यातून काढून टाकावं असं वाटलं. म्हणून मी एक चाचणी सुचवली. उद्या दोघींनी आत जायचं, दोघींनी बाहेर पडायचं आणि पाळीवर बसून दुर्बिणीतून पाहायचं. लपण रिकामं असलं की पाखरं बसतात, हे मी महिनाभर पाहिलं होतं. पाखरं बसली की शकुनबाईची खात्री पटेल, आत कोणी नाही.

सोमवारी सकाळी आम्ही तसंच केलं. साडेनऊला पाळीवर येऊन बसलो. डोंगा आमच्या पायाशी बांधलेला होता. आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं, पिल्लं मोठी होती, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती.

दर दहा मिनिटांनी मी नोंद करत होते. नाही. नाही. नाही.

बाबूलाल जाळं खांद्यावर टाकून जाताना थांबले. "काहून शकुन, तूही कालेजात जाऊन राहिली का?"

"होय न काका. पाखराची परीक्षा हाये."

ते हसले नाहीत. आमच्याकडे, मग टापूकडे पाहिलं आणि भराभर निघून गेले.

दुपार झाली. बाकीच्या झाडांवर गजबज होती. त्या तीन घरट्यांतली पिल्लं माना वर करकरून अन्न मागत होती. आईबाप शेजारच्या फांदीवर बसून होते.

लपण रिकामं होतं. मी स्वतः रिकामं करून आले होते.

पाखरं ते मानायला तयार नव्हती...

शकुनबाईनं दुर्बीण एकदाही मागितली नाही. ती नुसत्या डोळ्यांनी पाहत होती. दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकर मला दिली. तिची अर्धी तशीच राहिली.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी सगळी एकदम उतरली.

घाई नाही, गडबड नाही. वाट मोकळी झाल्यावर उतरावं तशी. एक तर लपणाच्या छतावर जाऊन बसलं.

"बसले," शकुनबाई म्हणाली.

"बसले."

"म्हंजे निंगाला."

मी वहीत वेळ लिहिली. मलाही हाच अर्थ माहीत होता. घिरट्या घालणारी पाखरं खाली उतरतात, कारण लपणातून कोणीतरी बाहेर पडलेलं असतं.

डोंगा आमच्यापाशी होता. टापू आणि पाळ यांच्यामध्ये पाणी होतं. त्यावर एक तरंग नव्हता.

आम्ही उठलो. अंधारायला लागलं होतं. पाळीवरून उतरून टोलीकडे, म्हणजे धीवरांच्या वस्तीकडे, जाणारी वाट गवतातून जाते. पुढं दोन टिटव्या बसल्या होत्या. आम्ही जवळ गेलो तशा त्या ओरडत उठल्या, डोक्यावरून घिरटी घेतली आणि आमच्या मागं, आम्ही चालून आलेल्या वाटेवर जाऊन बसल्या. टिटव्या असंच करतात.

आम्ही वीस-पंचवीस पावलं गेलो असू.

मागं... टिटव्या परत ओरडत उठल्या.

मी वळून पाहिलं. वाट मोकळी होती. कुत्रं नाही, गाय नाही. दोन्ही टिटव्या हवेतून खाली झेपावत होत्या, परत वर जात होत्या. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर.

शकुनबाई वळली नाही. तिनं फक्त चाल हळू केली. मागून येणाऱ्याला गाठता यावं म्हणून बाया करतात तशी.

धानाच्या एका मोठ्या बांधीपाशी, म्हणजे खाचरापाशी, वाट फुटते. डाव्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, तिच्या टोलीकडे, उजव्या धुऱ्यानं विश्रामगृहाकडे, जिथं मी उतरले होते. ती थांबली. म्हणाली, "तो असन तं घरी येईन." आणि डावीकडे निघून गेली.

मी उजवीकडे वळले. मनाशी एकच गोष्ट मागत होते. आवाज डावीकडून येऊ दे.

टिटवीचा आवाज संध्याकाळी साऱ्या बांध्यांवरून घुमतो. लांबून ऐकणाऱ्याला कुठल्या धुऱ्यावर ओरडली ते कळत नाही. जवळ असणाऱ्याला कळतं.

ती ओरडली...

माझ्या मागं. वीस पावलांवर.

मी पळाले नाही. पावलं मोजत चालत राहिले. विश्रामगृहाच्या फाटकापर्यंत टिटव्या तीनदा उठल्या. तिन्ही वेळा माझ्याच वाटेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुनबाई पायरीवर येऊन बसली होती. डोक्यावरून आंघोळ केली होती. केसांतून पाणी गळत होतं.

"रातभर दार लोटलं नाही मी," ती म्हणाली. "टिटवी वरडली ते ऐकलं. पण कोणत्या धुऱ्यावर, ते नाही समजलं. तुमाले समजलं असन, बाई."

तिच्या कपाळावर मोठं कुंकू होतं.

तो तुलाराम असता तर तिच्या वाटेनं गेला असता. मला हे कळत होतं. तिलाही कळलं असतं. तीन वर्षं ती उंबरठ्यावर उभी होती. आत नाही, बाहेर नाही. मला वाटलं, एका शब्दानं ती मोकळी होईल.

मी जन्मात कधी चुकीची नोंद केली नव्हती.

म्हटलं, "तुमच्या वाटेनं."

तिनं मान हलवली. उजव्या हाताच्या उलट्या बाजूनं कुंकू पुसलं. मग दोन्ही मनगटं पायरीच्या दगडावर आपटली, फार जोरात नाही. हिरव्या काचा माझ्या पायापर्यंत आल्या. ती रडली नाही. म्हणाली, ईश्वरले सांगतो, पान वाढ म्हणून. आणि गेली.

दुपारच्या बसनं मी साकोली सोडली. विणीचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं.

दोन वर्षांनी मला कळलं, नाकाडोंगरीच्या खाणीकडे तुलारामसारखा दिसणारा एक माणूस कोणीतरी पाहिला. पायानं अधू, कमी बोलणारा. सांगणाऱ्याचीही खात्री नव्हती. मी चौकशी केली नाही. तिकडे जाणारी तुमसरची बस माझ्या दारावरून जाते. एका दिवसाचं काम होतं.

खाणीकडचा तो माणूस तुलाराम नसेल, तर माझ्या खोट्यानं कोणाचं काही बिघडलं नाही.

आणि असेल, तर एका जिवंत माणसाच्या बायकोच्या बांगड्या मी फोडल्या. मग लपणात माझ्या शेजारी बसलेलं, पाणी ओलांडून माझ्या मागं आलेलं ते कोण होतं... हे मला माहीत नाही.

एवढंच माहीत आहे. त्या रात्री मी विश्रामगृहाच्या खिडकीशी उजाडेपर्यंत जागी होते. फाटकाबाहेरच्या वाटेवर टिटव्या बसलेल्या होत्या. कोणी परत गेलं असतं तर त्या उठल्या असत्या.

त्या उठल्या नाहीत.